शिंगीचा काटा आणि ऊन पाणी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, हा इतिहासाच्या मालेत कसा काय बसतो? मासा, त्याचा काटा आणि काटा लागल्यावरचा उपाय. यात ना राजे, ना लढाया. आम्ही म्हटलं, राजा एक आहे, पुढे येईल. आणि तसंही कोल्हापुरात माशावर तासभर बोलायला थोडं धाडसच लागतं. इथं पाहुणा आला की तांबडा-पांढरा विचारतात, माशाचं कालवण कोण विचारतं! (हशा)

सुरुवात एका अनुभवानं करू. आम्ही शाळेत असतानाची गोष्ट. पहिला पाऊस होऊन गेला होता, पंचगंगेचं पाणी तांबूस झालं होतं, आणि आम्ही तिघं मित्र राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गळ टाकून बसलो होतो. गळ म्हणजे काय, बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, मध्ये बुचाचा तुकडा आणि गरीला गांडूळ. दुपारी एकाच्या गळाला वीतभर लांबीचा, काळपट, चपट्या डोक्याचा मासा लागला. तोंडाशी लांब मिशा, अंगावर खवलं एक नाही. मित्रानं तो सोडवायला सरळ मुठीत धरला, आणि पुढच्या क्षणी त्यानं जी किंकाळी फोडली ती आजही कानात आहे. अंगठ्याच्या मुळाशी एवढंसं टोचलेलं, रक्त दोन थेंब. पण कळ मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत. आम्ही धावत जाऊन गाड्यावरून बर्फ आणला आणि हातावर धरला. कळ कमी होईना, उलट तो जास्तच ओरडायला लागला.

तिथं जाळं वाळत घालणारे एक म्हातारे होते, भोई समाजातले. त्यांनी लांबूनच विचारलं, ‘‘शिंगी लागली का रं?’’ जवळ आले, हात बघितला आणि म्हणाले, ‘‘बरफ फेकून द्या त्यो. ऊन पाणी आणा, ऊन.’’ चहाच्या टपरीवरून पातेलंभर पाणी आणलं. त्यांनी आधी स्वतःचा हात घालून बघितला, थोडं गार पाणी ओतलं, मग पोराचा हात धरून आत बुडवला. दहा-पंधरा मिनिटांत रडं थांबलं. पाणी निवलं की आबा परत ऊन पाणी ओतायला लावायचे. तासाभरानं मित्र हसायला लागला.

संध्याकाळी घरच्यांनी त्याला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, ते योग्यच होतं. पण ऊन पाण्याचं ऐकून ते रागावले. गरम पाण्यानं विष पसरतं, गार पट्ट्या ठेवा, असं त्यांनी बजावलं. रात्री कळ परत उठली आणि मित्राला झोप लागली नाही.

आमच्या डोक्यात हा प्रश्न तेव्हापासून राहिला. नदीवरच्या म्हाताऱ्याला जे माहीत होतं ते शिकलेल्या माणसाला का माहीत नव्हतं? ते कुठं लिहिलेलं होतं की नव्हतंच? लिहिलेलं असेल तर कुणी, कधी? याचा माग काढताना आम्ही अमरकोशापासून मुंबईच्या चौपाटीपर्यंत फिरून आलो. आज तेच सांगायचं आहे.

आधी त्या माशाची ओळख नीट करून घेऊ, कारण नावांचा घोटाळा फार आहे. आपल्याकडं शिंगी, शिंगटी, शिंगाळा अशी मिळतीजुळती नावं आहेत आणि ती वेगवेगळ्या माशांची आहेत. शिंगाळा मोठा होतो, बाजारात तुकडे करून विकतात. शिंगटी लहान. आणि आमच्या मित्राला लागली ती शिंगी, जिला शास्त्रात हेटेरोन्यूस्टीस फॉसिलिस म्हणतात. तिचीच पाण्यातली शेजारीण मांगूर. या सगळ्यांच्या छातीजवळच्या दोन परांना पुढच्या बाजूला एकेक ताठ काटा असतो. शिंगाळा, शिंगटीला पाठीवरही असतो. मासा घाबरला की हे काटे बाहेर काढून सांध्यात अडकवून ठेवतो. मग कितीही दाबा, काटा मिटत नाही. माशाच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी शिंगं फुटावीत तसं दिसतं. म्हणून सगळी नावं शिंगावरून.

हे नाव किती जुनं आहे? अमरकोशात, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपासच्या संस्कृत शब्दकोशात, मद्गुर नावाचा मासा येतो आणि शृंगी ही त्याची मादी म्हणून दिली आहे. मद्गुरचा झाला मांगूर, शृंगीची झाली शिंगी. प्राणिशास्त्राच्या हिशेबानं हे चुकलंच. त्या दोन वेगळ्या जाती आहेत, नवराबायको नव्हेत. पण ही चूक बघणाऱ्या डोळ्याची आहे. दोघांना मिशा, दोघं बिनखवल्यांचे, दोघं चिखलात राहणारे आणि हवेतून श्वास घेणारे. एक मोठा, एक सडपातळ. कोशकाराला हे जोडपं नक्कीच कुण्या मासे धरणाऱ्यानं दाखवलं असणार. आम्हाला ही चूक फार आवडते.

आता विषाकडं. सुश्रुतसंहितेत कल्पस्थान नावाचा भाग आहे, तो सगळा विषांवर. प्राण्यांच्या अंगात विष कुठं कुठं असतं याची तिथं यादी केली आहे: दृष्टीत, श्वासात, दाढेत, नखात, लाळेत, अशी सोळा ठिकाणं. त्यात एक ठिकाण आहे हाड. आणि हाडात विष असणाऱ्यांत एका माशाचं नाव येतं. काही माशांचं विष पित्तात आहे असंही सांगितलं आहे. म्हणजे खाऊन बाधणारा मासा वेगळा आणि टोचून बाधणारा मासा वेगळा, हा फरक त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होता. आज इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द वापरतात, मराठीत आपण दोन्हीला ‘विषारी’ म्हणून मोकळे होतो. शिंगी खायला उत्तम, टोचायला वाईट. तिला विषारी मासा म्हटलं की लोक ताटातून उठतात.

पण आमचं लक्ष वेधलं ते दुसऱ्या एका नियमानं. सुश्रुत सांगतो की विष चढलेल्या माणसावर उष्ण उपचार करू नयेत. याला त्यानं एकच अपवाद ठेवला आहे, तो कीटकविषाचा. कारण ते विष थंडाव्यानं वाढतं. आणि कीटकांच्या प्रकरणात त्यानं विंचू, कोळी हेही धरले आहेत. म्हणजे नियमाला अपवाद लागतो, एका प्रकारच्या विषाला थंड चालत नाही, उष्णच लागतं, हे कुणीतरी अनुभवानं टिपून ठेवलेलं होतं. मासा मात्र या अपवादाच्या रांगेत आला नाही. तो हाडाच्या यादीत राहिला.

आता बघा काय होतं. अपवाद विसरायला सोपा असतो, नियम लक्षात राहतो. ‘विषाला उष्ण वर्ज्य’ हे सूत्र घराघरांत इतकं मुरलं की आजही कुणाला काही चावलं-डसलं की पहिल्यांदा गार पाणी, गार माती, बर्फ. आमच्या मित्राला बजावणाऱ्या त्या डॉक्टरांनी सुश्रुत वाचला असेल असं आम्हाला वाटत नाही. पण त्यांच्या तोंडून बोलत होता तो तोच नियम, अपवाद गाळून. सापाच्या बाबतीत आजचं वैद्यकही सांगतं की जखमेशी शेकणं वगैरे काही करू नका, सरळ दवाखाना गाठा. सापाचा नियम माशाला लावला, तिथं घोटाळा झाला.

आता तो कबूल केलेला राजा. कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर तिसरा. इ.स. ११३० च्या सुमारास त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ झाला. त्या वेळी आपल्या कोल्हापुरात शिलाहार होते आणि ते चालुक्यांचे मांडलिक, तेव्हा हा राजा आपल्याला अगदी परका नाही. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो तो त्यातल्या गाण्यांच्या भागात जुन्या मराठीचे नमुने सापडतात म्हणून. पण त्यात मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते चक्क गळानं मासे धरण्याच्या करमणुकीवर आहे. दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, कोणत्या माशाला कसलं खाद्य टाकावं, त्याला ठरावीक जागी खायची सवय कशी लावावी, सगळं तपशिलात. माशांची विभागणी केली आहे खवल्यांचे आणि कातडीचे अशी. भारताच्या प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला, म्हणून मासळीवाल्या शास्त्रज्ञांनाही ते कळलं.

राजा कातडीच्या माशांनाही गळ लावतो, म्हणजे काट्यांशी त्याच्या घाटावर गाठ पडतच असणार. पण गळाला लागलेला मासा सोडवायचं काम राजाचं नव्हे. ते हात नोकराचे. ग्रंथ लिहिला गेला काठी धरणाऱ्याच्या बाजूनं, मासा धरणाऱ्याच्या बाजूनं नाही. आमच्या आजच्या कथेत हे पुन्हा पुन्हा होताना दिसेल.

मधली सात शतकं आपण ओलांडू आणि १८२० च्या दशकात येऊ. पेशवाई बुडाली आहे आणि मुंबई सरकारनं दख्खनची मोजदाद करायला कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याला नेमलं आहे. जमीन, पीक, पाऊस, लोकसंख्या, सगळं तो मोजतोय. आणि फावल्या वेळात पक्षी आणि मासे गोळा करतोय. पुण्याची मुळा-मुठा, भीमा, इकडचे मासे त्यानं जमवले, चित्रं काढली, आणि १८३८-३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला.

या साहेबाची एक गोष्ट मात्र मानावी लागेल. नव्या माशांना नावं देताना त्यानं ग्रीक-लॅटिन कोश उघडून बसण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी भोई-कोळ्यांच्या तोंडची नावंच उचलली. खुद्री, कोळस, मुसळा, नुकटा, पोटील, आणि आपले शिंगाळा, शिंगटी. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत, जपानात जा नाहीतर ब्राझीलमध्ये, शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव आहे स्पेराटा सींघाला. शिंगटीचं मिस्टस सींगटी. पुढं जे लिहितात ते नाव, साइक्स, १८३९. म्हणजे पुण्याच्या घाटावर कुण्या भोयानं ‘‘ही शिंगटी’’ म्हणून सांगितलं, तो शब्द शास्त्रात अमर झाला. सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही.

त्याच माणसाला साइक्सनं आणखी एक प्रश्न विचारला असता तर? ‘‘ही टोचली तर तुम्ही काय करता?’’ पण निबंधाचा विषय होता माशाचं शरीर: परांतली किरणं किती, मिशा किती, दात कसे, रंग कोणता. माणसाचा हात हा त्याचा विषय नव्हता. मराठीत उतारा या शब्दाचे दोन अर्थ आहेत, विषावरचा उतारा आणि कागदावरचा उतारा. शिंगटीचं नाव कागदावर उतरलं. विषाचा उतारा तिथंच घाटावर राहिला.

खुद्द शिंगीचं बारसं याआधीच झालेलं होतं. मार्कस ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञानं १७९४ मध्ये, तामिळनाडूतल्या तरंगमबाडीहून गेलेल्या नमुन्यावरून. फॉसिलिस म्हणजे लॅटिनमध्ये खणून काढलेला. पाणी आटलं की ही चिखलात दडून राहते, तेव्हा नाव शोभतं. पुढे फ्रान्सिस डे आले. मद्रासकडचे लष्करी डॉक्टर, नंतर हिंदुस्थानच्या मासेमारी खात्याचे मुख्य अधिकारी. १८७५ ते ७८ या काळात त्यांचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा मोठा ग्रंथ भागाभागानं आला. शिंगीच्या काट्याची लोकांना धास्ती आहे, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि त्यांनी ते नोंदवलं. एक डॉक्टर, माशांचा एवढा जाणकार, लोकांमध्ये हिंडलेला. इथं तरी उताऱ्याची गोष्ट पुढं सरकेल असं वाटतं. पण ग्रंथ माशांचा होता आणि गणना पुढच्या माशाकडं गेली.

त्याच सुमारास हिंदुस्थानात गळानं मासे धरण्याचा साहेबी छंदही वाढत होता. मंगळूरकडचे कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघालं आणि छंदी लोकांचं ते गीताभागवत झालं. त्यातला नायक आहे महसीर, आपला खडस मासा. लढवय्या, देखणा, खवल्यांचा. चिखलातल्या शिंगीला या पुस्तकी जगात मान नाही. ती लागायची ती पोरांच्या आणि भोयांच्या गळाला.

आता विसाव्या शतकात दोन घटना जवळजवळ घडतात. एक विषाच्या बाजूनं, एक कोल्हापूरच्या बाजूनं.

१९४४ मध्ये बी. एस. भीमाचार यांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या, म्हणजे रामन यांनी बंगळूरला स्थापन केलेल्या अकादमीच्या, नियतकालिकात एक निबंध छापला. विषय: शिंगी आणि समुद्रातला तिचा एक नातलग, या दोघांच्या छातीच्या काट्यातल्या विषग्रंथी. लोक म्हणतात काटा विषारी, पण खरंच विष आहे का, की नुसती घाण जखमेत जाऊन सूज येते? हा वाद तोपर्यंत होताच. भीमाचारांनी काट्याचे पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी दाखवल्या. रचना साधी आहे. सापासारखी नळी नाही, पिचकारी नाही. काट्यावर कातडीचं आवरण, त्या आवरणात विषाच्या पेशी. काटा मांसात घुसला की आवरण फाटतं, पेशी फुटतात आणि विष जखमेत सांडतं. बऱ्याच जातींच्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, त्यामुळं काटा निघताना जखम आणखी फाडतो. मोडलाच तर तुकडा आत राहतो, तो वेगळा त्रास.

म्हणजे भोई म्हणत होते ते खरं होतं. तो निबंध आपल्याच देशात, आपल्याच माशावर झाला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. जगात याची व्याप्ती किती आहे हे तर अलीकडं कळलं. २००९ मध्ये जेरेमी राइट या संशोधकानं या मिशाळ माशांच्या कुळाचा आढावा घेतला आणि किमान १,२५० जाती, कदाचित १,६०० हूनही जास्त, विषारी काट्याच्या असाव्यात असा अंदाज दिला.

दुसरी घटना १९५६ ची. कलावार आणि केळकर या दोघांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोल्हापूरच्या माशांवर लेख लिहिला. पंचगंगेच्या खोऱ्यावर आज जो कुणी काम करतो तो त्या यादीपासून सुरुवात करतो, कारण तेव्हा काय होतं आणि आज काय उरलं याचं मोजमाप तिथून सुरू होतं. पुन्हा, यादी आहे माशांची. म्हणजे १९५६ साली आपल्याकडं सगळं होतं. शिंगीचं नाव होतं, पत्ता होता, विषग्रंथीचा छेद होता. फक्त काटा लागलेल्या माणसाचं काय करायचं हे एकाच कागदावर आलेलं नव्हतं.

ते कागदावर आलं दुसरीकडून. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात फिंडले रसेल नावाचे डॉक्टर समुद्रकिनाऱ्यावरच्या जखमींवर काम करत होते. तिथं त्रास पाकटाचा. पाकट आपल्या कोकणातही असतं. चपटा, पंख्यासारखा मासा, शेपटीवर दातेरी काटा. रसेल यांनी पाकट लागलेल्या शेकडो लोकांच्या नोंदी गोळा केल्या आणि उपचार लिहून काढला: जखम धुवा, आवरणाचे तुकडे काढा आणि हात किंवा पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. या माशांचं विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेनं ते बिघडतं, अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही तसं, हा त्यामागचा विचार. त्याच काळात ऑस्ट्रेलियात दगडमासा म्हणतात त्या भयंकर विषारी माशावर १९५९ मध्ये प्रतिविष तयार झालं. पण तिथंही पहिला उपाय म्हणून गरम पाणी राहिलंच. आज जगभरच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत काटेरी विषारी माशांसाठी साधारण ४५ अंशांचं पाणी, अर्धा ते दीड तास, असं लिहिलेलं सापडतं.

इथं जरा थांबून एक कबुली द्यायला हवी. अंडं उकडण्याचा दाखला सोपा आहे, पण तो पुरा पटत नाही. ४५ अंशांत हाताच्या आतलं मांस तेवढं तापत नाही, आणि काही विषं बिघडायला याहून जास्त उष्णता लागते. तरी कळ थांबते. म्हणून काही डॉक्टर म्हणतात की उष्णता विषाला मारत नसेल, ती वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर काम करत असेल. दोन्ही थोडं थोडं असेल. उपाय चालतो, कारणाबद्दल वाद आहे. म्हणजे त्या आबांना कारण माहीत नव्हतं म्हणून कमीपणा मानायचं काही कारण नाही.

मग आपल्याकडं हे पसरलं का नाही? आमचं मत असं आहे की विषाच्या इतिहासात मृत्यूला मान असतो. सापानं माणसं मरतात म्हणून मुंबईत हाफकिनसारख्या संस्थेत सर्पविषावर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. विंचवानं कोकणात पोरं दगावत होती. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर बसले, एकेका रुग्णाशेजारी रात्री जागले, आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीनं मरण कसं टळतं हे त्यांनी जगाला दाखवलं. शिंगीनं सहसा कुणी मरत नाही. ती एक रात्र रडवते, आठवडाभर हात सुजवते आणि सोडून देते. आणि रडतो कोण? भोई, शेतमजूर, उनाड पोरं. यांची एका रात्रीची कळ कुठल्या अहवालात जाणार?

ही कळ बातमीत गेली ती एकदाच, तीही मुंबईत. २०१३ साली गणेशोत्सवात दीड दिवसाच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटं किनाऱ्याजवळ आली आणि एका संध्याकाळी पन्नासहून जास्त लोकांना काटे लागले. अनवाणी, गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं. रुग्णालयांत रांग लागली. तेव्हापासून दर वर्षी विसर्जनाच्या आधी पाकट आणि जेलीफिश यांची सूचना निघते. बघा, राजधानीत एकदा घडलं तर सूचना निघाली. पंचगंगेकाठी दर पावसाळ्यात घडतंय.

आता आजच्या कोल्हापूरबद्दल. गळ टाकून बसणारी मंडळी रंकाळ्यावर, कळंब्यावर, शिवाजी पुलाखाली, राजाराम बंधाऱ्यावर अजून दिसतात. फरक एवढाच की भोयांची पोरं कमी झाली आणि रविवारचे छंदी वाढले. यांच्याकडं हजारो रुपयांची रीळ असते, पण शेजारी आबा नसतो. पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे वर येतात. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघालं की ते शेतात, ओढ्यात शिरतं, आणि त्याबरोबर शिंगी आणि मांगूरही. हवेतून श्वास घेणारे मासे, त्यांना वीतभर गढूळ पाणी पुरतं. लोक हातानं चाचपून मासे धरतात. काटे लागायचा खरा मोसम तो. त्यात आता परका आफ्रिकन मांगूरही आहे. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो तळ्यांत वाढवलेला सापडतच असतो. नदीचं पाणी जितकं खराब, तितके हे चिखलसोसे मासे टिकतात आणि खडस, कोळस यांच्यासारखे मागं पडतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. म्हणजे पुढच्या काळात गळाला शिंगी-मांगूर लागण्याचा संभव वाढणार आहे, घटणार नाही.

तेव्हा इतिहास बाजूला ठेवून दोन मिनिटं साधं बोलू. मासा मुठीत धरू नका. ओल्या जाड फडक्यानं डोक्याच्या मागं धरा किंवा पकडीनं गरी सोडवा. काटा लागला तर जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, वर दिसणारा तुकडा काढा. मग ऊन पाणी. पण ते किती ऊन हे दुखऱ्या हातानं ठरवू नका, कारण त्या हाताला कळत नाही आणि भाजतं. आबांनी केलं तसं करा, आधी चांगल्या हातानं बघा. लहान पोराचा हात असेल तर मोठ्या माणसानं स्वतःचा हात पाण्यात ठेवूनच त्याचा बुडवावा. निवलं की बदला. दोरी आवळू नका, पात्यानं चिरू नका, तोंडानं ओढू नका. साप चावल्यावर देतात ती लस इथं चालत नाही. आणि ऊन पाण्यानं बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढली, ताप आला किंवा आत काहीतरी खुपतंय असं वाटलं तर एक्स-रे काढून घ्यायचा; मोडलेला काटा आत कुजतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर वाटच बघू नये. काटा छातीत, पोटात, मानेत शिरला असेल तर तो उपटूही नका, तसंच रुग्णालयात न्या.

आमच्या मित्राचा हात बरा झाला, हे सांगायचं राहिलं. त्याला अंगठ्याच्या मुळाशी अजून एक पांढरा ठिपका आहे. ते आबा आम्हाला पुढं दोन-तीन पावसाळे भेटत राहिले. त्यांना आम्ही एकदा विचारलं होतं की हे ऊन पाण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आयनं. ती चुलीपाशी बसवायची.’’

या उत्तराकडं आम्ही तेव्हा लक्ष दिलं नाही. आता वाटतं, आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो का? नदीवर जाणारा पुरुष, नाव विचारणारा साहेब, ग्रंथ लिहिणारा राजा, सगळे घाटावर. आणि उतारा होता चुलीपाशी, पाणी तापवणाऱ्या बाईकडं. तिथं कुणी वही घेऊन गेलंच नाही. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी आजी, पणजी नदीकाठच्या गावची आहे, नृसिंहवाडीपासून प्रयाग चिखलीपर्यंत कुठलीही, त्यांनी या पावसाळ्यात विचारून बघा: शिंगी लागली की काय करायचा? पाण्यात मीठ, हळद काही घालायचा का? किती वेळ बुडवायचा? गावाचं नाव आणि सांगणारीचं नावही लिहून ठेवा, तिला विचारूनच.

प्रश्न असतील तर घेऊ. मागं कुणीतरी हात वर केला आहे... हो, वाम. वामीच्या पाठीवर काटे असतात, पण ती शिंगीसारखी विषाची नाही, नुसती ओरबाडते. धरायला मात्र तिच्यासारखी निसरडी कुणी नाही.